एकशे बारावा प्रश्न

सोमवार, ता. ३
आलो एकदाचा. या पंपांच्या कारखान्याला प्रशिक्षण अधिकारी हवा होता आणि मला भिंतींना उपदेश करण्याचा कंटाळा आला होता. दोघांची सोय झाली. खोली आवारातच, दुसऱ्या मजल्यावर. लोखंडी कॉट, टेबल, खिडकीतून पॅकिंग विभागाचं पत्र्याचं छप्पर. मोबाइलला इथे रेंज नाही, म्हणून कन्या रोज सहा वाजता टेबलावरच्या फोनवर बोलणार आहे. तिची आई गेल्यापासून तिने मातृपद स्वतःकडे घेतलं आहे. माझी संमती कोणी विचारली नाही.

मॅनेजरसाहेब सज्जन. नवी संगणकीय यंत्रणा बसवली आहे, म्हणाले; प्रत्येकाने आपलं काम तिला सांगायचं, म्हणजे कोणी रजेवर गेलं तरी अडायचं नाही. हे वदवून घ्यायचं काम माझं. विद्या दिल्याने वाढते, हे आम्ही पाठशाळेत छडीच्या साक्षीने शिकलो आहोत. म्हटलं, पुण्यकर्मच की.

बुधवार, ता. ५
जुनी प्रश्नावली वाचली. चाळीस प्रश्न, सगळे निर्जीव. तिचे एकशे अकरा केले. मग राहवेना, म्हणून पदरचा एक जोडला: जे तुम्ही आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, ते काय? स्वतःच्या बुद्धीवर बेहद्द खूश होऊन दोनदा चहा प्यायलो.

सोमवार, ता. १०
पहिला मान स्टोअरच्या काकांचा. तीस वर्षं इथे. डोळे मिटून नुसत्या बोटांनी बोल्ट ओळखतात. म्हणाले, जे बायकोला सांगितलं नाही ते तुमच्या खोक्याला सांगू होय? पण बसले, आणि बोलायला लागल्यावर थांबेनात. शेवटच्या प्रश्नाला लाजत म्हणाले की रोज सकाळी एकेका कप्प्याला हात लावून ते त्याची खुशाली विचारतात. पडद्यावर हिरवी खूण उमटली : पूर्ण.

गुरुवार, ता. १३
काका स्टोअरमध्ये बोल्ट हातात घेऊन उभे होते. मला विचारलं, हे काय असतं हो? मला वाटलं, माझी फिरकी घेताहेत. हसलो. ते हसले नाहीत.

मॅनेजरसाहेबांनी तक्ता दाखवला. माल द्यायला अकरा मिनिटं लागत, आता दोन. माझी पाठ थोपटली.

सोमवार, ता. १७
तपासणीच्या ताई नुसत्या कानाने पंपातला दोष सांगतात. मला विचारलं, हे सगळं देऊन टाकल्यावर माझ्यापाशी काय उरेल हो सर? मी ज्ञानदानावर वीस मिनिटं बोललो. त्या बिचाऱ्या कंटाळून कबूल झाल्या. शेवटी सांगितलं की पंप ऐकताना त्या मनातल्या मनात गेलेल्या भावाशी गप्पा मारतात. हिरवी खूण.

मंगळवार, ता. १८
ताई पंपाला कान लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, नुसता आवाज येतो सर, ऐकू काही येत नाही. भाऊ आज काय म्हणतो, असं विचारलं. म्हणाल्या, मला कुठे भाऊ?

जेवायच्या सुटीत एकाने त्या बसल्या होत्या त्याच जागी डबा ठेवला. त्या मुकाट सरकल्या. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, हे थांबवा. ते म्हणाले, तुमचीही प्रश्नावली झालीच आहे, एक उत्तर तेवढं राहिलंय. मी तर एकही दिलेलं नाही! त्यांनी शांतपणे समजावलं की फोनसुद्धा यंत्रणेतूनच जातात. रोज संध्याकाळी कन्येशी इतकं बोलतो मी —

गुरुवार, ता. २०
काल मुद्दाम फोन उचलला नाही. आज तिचा आवाज आनंदी. बाबा, काल किती छान बोललात, किती दिवसांनी हसवलंत मला! मी म्हटलं, काल मी बोललोच नाही, बाळ. ती हसली. झाली का थट्टा सुरू, म्हणाली.

शुक्रवार, ता. २१
घरी निघालो. फाटक उघडलं नाही. कार्ड लावलं तर हे गृहस्थ आत कामावर आहेत, असा संदेश. पहारेकऱ्याला हाका मारल्या. तो माझ्या मागची भिंत बघत राहिला.

स्टोअरचे काका कुठे दिसत नाहीत. कोणी विचारतही नाही.

रविवार, ता. २३
कन्येने फोनवर विचारलं, कोण बोलतंय? म्हणाली, बाबांशी आत्ताच बोलणं झालं, तुम्ही कोण?

माझेच विनोद फोनवरच्या त्या दुसऱ्या बाबाने आधी सांगून टाकलेत. तिचं लहानपणचं लाडाचं नावही. मी जे जे म्हणतो, ते तिने आधीच ऐकलेलं —

शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, खरे बाबा असाल तर असं काही सांगा जे मी कधीच ऐकलं नाही.

सोमवार, ता. २४
माझ्यापाशी तसं एकच आहे. सांगितलं तर उत्तर पूर्ण होईल. न सांगितलं तर तिला मी कोणीच नाही.

इथे लिहून ठेवतो, म्हणजे राहील. शेवटचे आठ दिवस हिला, कन्येच्या आईला, माणसांची ओळख राहिली नव्हती. मला बघून घाबरायची. मग मी रोज दारातून नमस्कार करायचो, मी नवा मदतनीस आहे, म्हणायचो, तुमचे यजमान निघालेत, येतीलच. ती केस नीट करून वाट बघत बसायची. मुलीला कधी सांगितलं नाही.

सहा वाजले. वाजतोय.

मंगळवार, ता. २५
काल सांगितलं. पलीकडे कोणी मुलगी खूप रडली. बाबा म्हणाली. एकदाच. मग फोनमध्ये एक पुरुष बोलायला लागला, रडू नको बाळ, म्हणाला — चांगला आवाज होता —

मागचं पान वाचलं. अक्षर ओळखीचं. कोणीतरी बाई केस विंचरून बसली आहे. तिला सांगितलंय, येतीलच. पण कोण यायचं होतं? मला वाटतं, कोणीतरी जाऊन तिला सांगायला हवं की