बायकांच्या रांगेतला बाप्या

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. (तोंडावर तुला अरेतुरे करतो, पण कागदावर 'तीर्थरूप' लिहायची आईने लावलेली सवय सुटत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची झोप सुधारली का? छापखान्यातलं ते जुनं मशीन अजून तुझंच ऐकतं की आता दुसऱ्या कुणाचं ऐकायला लागलंय? हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तू 'बरा आहेस ना, मग ठेव' म्हणतोस आणि ठेवतोस. या वेळी 'बरा आहे' म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

दोन महिन्यांपूर्वी मला छातीत डाव्या बाजूला एक गाठ लागली. वाटाण्याएवढी, दुखत नव्हती. मी ठरवलं की हत्यारांच्या पिशवीचा पट्टा घासून झाली असणार, म्हणून पट्टा उजव्या खांद्यावर घेतला आणि उपचार संपला असं समजलो. कामावरच्या जोडीदाराला दाखवली. त्याने बोटाने दाबून सांगितलं की बाप्याच्या छातीत स्नायूशिवाय असतंच काय, जोर काढ, विरघळेल. मी तीन आठवडे रोज सकाळी जोर काढले. दंड सुधारले, गाठ होती तिथेच. शेवटी एकदा मी शर्ट बदलत असताना बायकोचं लक्ष गेलं. छातीची डावी बोंडी आत ओढली गेली होती. तिने आरडाओरडा केला नाही. माझ्या सुपरवायझरचा नंबर फिरवला, माझी दोन दिवसांची रजा टाकली आणि मग मला कळवलं.

तपासणी केंद्राच्या दारावर हसऱ्या बाईचं चित्र. आत सगळ्या भिंती गुलाबी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंट कुठे आहेत. मी म्हटलं, मीच. तिने माझ्या मागे वाकून पाहिलं. मग तिने एक फॉर्म दिला. तो बायकांसाठीच छापलेला, पण दुसरा नव्हता. (तुझ्याकडे छापायला दिला असता तर तू एक तरी रकाना बाप्यांसाठी ठेवला असतास.) बायको रिक्षाचे पैसे देऊन यायची होती आणि डोकं ठिकाणावर नव्हतं हे तू समजून घे. 'शेवटची पाळी कधी' असा प्रश्न होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं : काल, दुपारी दोन ते रात्री दहा. मुलीने ते वाचलं, ओठ घट्ट मिटले आणि फॉर्म आत नेला. आतून बराच वेळ खोकल्याचे आवाज येत होते.

बाकावर सात बायका आणि मी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, बायकोला आत घेतलं का. मी हो म्हणालो. दादा, बावीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय. अडकलेल्या लिफ्टच्या दाराशी तोंड नेऊन 'घाबरू नका' म्हणणं हे माझ्या नोकरीतलं अर्धं काम. बायका आतून सरळ सांगतात, भीती वाटतेय, लवकर काढा. पुरुष सांगतात, मी ठीक आहे हो, हे बाकीचे घाबरलेत. एकदा असं म्हणणाऱ्याला मी दार उघडून बाहेर काढलं, तर आत दुसरं कुणी नव्हतंच. त्या दिवशी बाकावर तो माणूस मी होतो. तेवढ्यात बायको आली आणि माझ्या शेजारी बसली. म्हाताऱ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नऊ नंबर पुकारला आणि मी उठलो. बाई हलकेच म्हणाल्या, "घाबरू नका. प्लेट गार असते, एवढंच."

ते मशीन छातीला दोन पट्ट्यांमध्ये चेपतं. माझ्याकडे चेपण्यासारखा ऐवज कमी, त्यामुळे आतल्या बाईंनी मला पुढे या, अजून पुढे, थोडं अजून, असं करत जवळजवळ मशीनमध्येच घातलं. मी श्वास रोखून वरच्या पट्टीची चाल बघत होतो. (झकास. कुठे धक्का नाही, थांबायची तिथे बरोबर थांबते.) मग दुसऱ्या खोलीत सुई. रिपोर्टला आठ दिवस.

हे आठ दिवस मी तुला कसे सांगू? मी कुणाला काही बोललो नाही. पाचव्या दिवशी एका इमारतीत लिफ्टच्या तळातल्या खड्ड्यात उतरत होतो. मेन स्विच बंद करायचा राहून गेला होता. वरून लिफ्ट निघाली ते मला कळलंच नाही. जोडीदाराने कॉलर धरून ओढलं आणि मी त्याच्या अंगावर पडलो. लिफ्ट खाली येऊन थांबली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. मग मी त्याला सगळं सांगितलं. तो जोर काढण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. थोड्या वेळाने बघतो तर त्याचा स्वतःचा हात शर्टाच्या आत, आणि तो एक एक बाजू चाचपून बघत होता.

रिपोर्ट सर्जनबाईंनी समोर बसवून सांगितला. कॅन्सर आहे, लहान आहे, आता थांबायचं नाही. घरात कुणाला होता का, असं विचारलं. मी सांगितलं, आईला होता, पण आम्हाला बहीण नाही, दोघंही मुलगेच, त्यामुळे तो विषय तिच्याबरोबर संपला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"असं कुणी सांगितलं तुम्हाला? आईकडून मुलग्यांनाही येऊ शकतो. भाऊ किती वर्षांचे आहेत?"

बाहेर आल्यावर मी बसथांब्यावर दिवसाढवळ्या रडलो. हुंदके देऊन. दोन बस आल्या आणि गेल्या, एका कंडक्टरने तर वाकून पाहिलं. बायको फक्त माझी पिशवी सांभाळत उभी होती. आई गेली त्या दिवशी तू मला म्हणाला होतास, आपण पुरुष आहोत, आपण रडायचं नाही. मग तू न्हाणीघरात गेलास. अर्धा तास नळ चालू होता, बादली सरकवल्याचा आवाज मात्र एकदाही आला नाही. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, बहिरा नव्हतो.

वहिनींना नमस्कार सांग. काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. छोटंसंच आहे, तू धावत यायची काही गरज नाही.

ता. क. २. वरचं खोटं आहे. ये. मला भीती वाटतेय, आणि हे ज्याला लिहू शकेन असा तू एकटाच आहेस.

ता. क. ३. आता खरं काम. वहिनींनी परवा फोन केला होता. तुझ्या बनियनवर महिनाभर उजव्या बाजूला डाग पडतोय आणि तू ती शाई आहे म्हणून सांगतोस. दादा, त्या माउलीने तीस वर्षं तुझे शाईचे कपडे धुतलेत. शाई कुठली आणि शाई नसलेलं कुठलं, हे तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बुधवारी अकरा वाजता, त्याच गुलाबी भिंतींच्या केंद्रात तुझी वेळ घेऊन ठेवली आहे. छापखान्यात सांग, आजारी भावाला बघायला चाललोय. वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी शेवटचा बनियन धुतलेला नाही, पिशवीत घालून कपाटात ठेवलाय. तो घेऊन ये.