शेल्याचं दुसरं टोक

गोथेनबर्ग, रविवार सकाळ

परमप्रिय आणि तितकेच भीतिदायक रऊफमामा यांस,

तुमचा भाचा हेमिन याचा, तुमच्या दोन्ही हातांना ओठ लावून सलाम. पत्रास कारण की, नव्या वर्षाच्या, नवरोजच्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, चारशे माणसांदेखत, माझ्या कमरेपाशी 'चर्रर्र' असा आवाज झाला आणि माझं आयुष्य तिथून पुढे बदललं. आवाज कसला ते सांगतोच, पण आधी तुमची तब्येत विचारतो, नाहीतर आई म्हणेल, पोराला रीत म्हणून राहिली नाही. गुडघे कसे आहेत? चहात साखर किती? (मामीला विचारून लिहा, तुमच्या आकड्यावर माझा विश्वास नाही.) मामी फोनवर म्हणत होती की अजूनही सुलेमानीच्या बाजारात कोणी 'लतीफ' हे नाव नुसतं उच्चारलं तरी तुमची कात्री कापडावर वाकडी जाते, आणि उस्तादांची मोठी कात्री घेऊन परदेशी पळालेल्या त्या तुमच्या गुरुबंधूचा उद्धार सुरू झाला की गिऱ्हाईक माप न देताच निघून जातं. मामा, तीस वर्षं झाली. रक्तदाबाला हे बरं नव्हे. असो, त्या माणसाचा या पत्राशी काही संबंध नाही.

मी मजेत आहे. म्हणजे नाही. (माझं नाव 'हेमिन', म्हणजे शांत, ठेवावं असं तुम्हीच सुचवलं होतंत ना? तुमची बाकीची मापं बोटभरही चुकत नाहीत, हे एकच कसं चुकलं?) मी कॉलेज सोडल्याचं तुम्हाला कळलंच असेल. आई ते 'सध्या सुट्टीवर आहे' असं सांगते आणि बाबा काहीच सांगत नाहीत, कारण जानेवारीपासून आमचं बोलणं बंद आहे. कारण अगदी साधं होतं. बांधकामाच्या प्रयोगशाळेची वेळ मंगळवार सहा, आणि इथल्या कुर्दी मंडळाच्या हॉलमध्ये हनारच्या नाचाच्या वर्गाची वेळ मंगळवार सहा. पूल काय, कोणीही बांधेल. पण हनार रुमाल हलवत मुलांना पावलं शिकवत असताना खांद्याला जी एक उसळी देते, ती बघायला माणूस तिथे हजर लागतो. हे मी बाबांना असंच्या असं सांगितलं. तिथून आमचं सगळं आईमार्फत चालतं: 'त्याला सांग, मीठ दे.' 'त्यांना सांगा, मीठ त्यांच्याच हातात आहे.'

हनार म्हणजे कोण, हे तुम्ही विचाराल. तिच्या घरचे मागच्या शरदात स्वीडनच्या उत्तरेकडून इथे राहायला आले. तिचे वडील ट्रामच्या थांब्याजवळ कपडे दुरुस्त करायचं लहानसं दुकान चालवतात. एरवी स्वीडिश लोकांच्या पँटींच्या चेन बदलतात, आणि नवरोज जवळ आला तसे अख्ख्या शहरातल्या कुर्दांना पोशाख शिवून द्यायला लागले. माणूस कडक. कार्यक्रमाला हॉलच्या दारात उभे राहतात आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या कमरेच्या शेल्यात बोटं घालून बघतात. दोन बोटं गेली की 'सैल, परत बांध.' एक गेलं की 'जा.' एकही गेलं नाही की 'अरे, जेवणार कसा?' हल्ली पोरं तयार शेले मागवतात, मागे व्हेल्क्रोची पट्टी असलेले, आणलं की चिकटवलं. ते दिसले की हनारचे वडील तोंडाने बोलत नाहीत, नुसते बाहेरच्या बर्फाकडे बोट दाखवतात.

म्हणून मी फेब्रुवारीत मंडळाच्या सभेत भाषण ठोकलं. मी म्हणालो की बापजाद्यांनी सात मीटरचा शेला कमरेला गुंडाळून डोंगर पार केले आणि आपण चिकटपट्टी लावून नाचतो, लाज वाटली पाहिजे! जो व्हेल्क्रो लावेल तो कुर्द नव्हे! असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली आणि चहाचे दोन पेले फोडले. हनारने टाळ्या वाजवल्या. (ती म्हणते, हाताला लागलेला बिस्किटांचा चुरा झटकत होते.) त्याच जोशात मी एका पंधरा वर्षांच्या पोराच्या कमरेचा तयार शेला तिथल्या तिथे उपटून जप्त केला आणि पुरावा म्हणून घरी आणून ठेवला. हा पुरावा लक्षात ठेवा, मामा.

नवरोजच्या दिवशी मी तुम्ही शिवलेला पोशाख बाहेर काढला. काय पोशाख आहे! विजारीचा घोळ असा की पहिल्याच वर्षी ट्रामच्या दारात अडकला होता आणि चालकाने (म्हणजे बाबांनीच) तीन थांबे मला तसंच नेलं होतं. आता राहिला शेला. तुम्ही दिलेला, फुलाफुलांचा, सात मीटर. शेला बांधायला दुसरं माणूस लागतं, त्याने टोक ताणून धरायचं आणि आपण गोल फिरत फिरत त्यात शिरायचं, हे तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला. आई सकाळपासून हॉलमध्ये द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून यापराखचं पातेलं लावत होती. बाबा शेजारच्या खोलीत चहा पीत होते. उठून टोक धरायला त्यांना दोन मिनिटं लागली असती. पण मी का म्हणून विचारू? तुमचाच भाचा ना! तुम्ही तीस वर्षं शेला दुकानाच्या कडीला बांधून एकटे गोल फिरता आणि वर ऐटीत म्हणता, 'माणसाची गरज नाही, कडी पुरे.' मीही टोक घराच्या दाराला बांधलं.

मामा, इथल्या दारांना कड्या नसतात. दांडी असते, आणि ती ओढली की खाली वळते. चार फेऱ्या झाल्या, पाचव्या फेरीला दार उघडलं आणि मी भोवऱ्यासारखा उलगडत जिन्यात गेलो. तिथे समोरच्या बिर्गिटाबाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. बाईंना लागलं नाही. कुत्र्याने मात्र शेला तोंडात धरला आणि तीन मजले उतरून खालच्या चिखलबर्फात नेला. मी वर येऊन दार आपटलं. बाबांच्या खोलीतून चमचा पेल्यात फिरल्याचा आवाज आला. फक्त चमचा. मला अजून वाटतं की ते हसत होते.

सहा वाजले होते. काय करणार होतो? पुरावा बांधला.

पंधरा वर्षांच्या पोराचं माप माझ्या पोटाला दोन इंच कमी पडत होतं, पण श्वास ओढून धरला तर पट्टी टेकत होती. हॉलच्या पुढच्या दाराने गेलो असतो तर संपलोच असतो, म्हणून अंगात जाडा कोट तसाच ठेवून मागून, स्वयंपाकघरातून, आईच्या पातेल्याचा एक कान धरून आत शिरलो. एकदा हजेरी लावायची आणि भिंतीला टेकून उभं राहायचं, असा बेत होता. पण रांगेच्या पुढे नाचणारा आमचा आझाद तापाने पडला होता. हनार थेट माझ्याकडे आली (हिरवा पोशाख, बाह्यांना जाळीची लांब टोकं, मामा, मी लिहू शकत नाही) आणि म्हणाली, "हेमिन, कोट काढ आणि पुढे हो."

मी म्हणालो, "मी? पुढे?"

"मागच्या वेळी माझ्या पायावर तीनदा पाय दिलास. पुढे असलास तर निदान पुढे कोणाचा पाय नसेल."

याला मी प्रेम समजतो. कोट काढला, रुमाल हातात घेतला, दुसऱ्या हाताच्या करंगळीत तिची करंगळी. झुर्ना वाजायला लागला, ढोल घुमला. पहिली दहा मिनिटं मी श्वास न घेता नाचलो आणि लोक म्हणत होते, पोराची छाती बघा! मग ढोलवाल्याने चाल वाढवली, मी खाली बसून उसळी मारली आणि सवयीने श्वास घेतला.

चर्रर्र.

शेल्यात खोचलेल्या सूर्यफुलाच्या बिया सगळ्या फरशीवर उडाल्या आणि मागची रांग त्यांवर कुरकुर करत घसरली. एवढ्यावर भागलं असतं. पण व्हेल्क्रोच्या काट्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नसेल, जाळी दिसली की ते सोडत नाहीत. सुटलेली पट्टी गर्रकन फिरून हनारच्या बाहीला जाऊन बसली. ती ओढते, मी ओढतो, जाळी टरटरते, आणि चारशे माणसं बघतायत की व्हेल्क्रोविरुद्ध गर्जना करणारा वीर व्हेल्क्रोनेच मुलीला चिकटलाय. (विजार पडली नाही. नाडी तुम्ही घातली होतीत. तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.) "ओढू नकोस!" हनार दातओठ खात म्हणाली, "सात रात्री बसून शिवलीय बाबांनी!" तेवढ्यात तिचे बाबा आलेच. हातात एक मोठी काळी कात्री, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. (कात्रीकडे आत्ता लक्ष देऊ नका, मामा.) जाळीचा एक धागा न दुखावता त्यांनी पट्टी कापली, खाली वाकले आणि तिथेच थांबले. माझ्या विजारीच्या खिशाची कड उलटवून आतला टाका बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

"हा हात कोणाचा?" त्यांनी विचारलं.

आणि मामा, मी घाबरून म्हणालो, "ऑनलाइन मागवलं."

हे लिहिताना मान खाली आहे. माझी आई झारा घेऊन शेजारी उभी होती, तीही पातेल्याकडे वळली. हनारचे वडील म्हणाले, "ऑनलाइनवाला खिशाच्या आत उलटी गाठ मारत नाही. ती मारणारं गाढव जगात एकच आहे." मग कात्री मिटली आणि हॉलच्या बाहेर जाऊन बर्फात उभे राहिले. हनार मला म्हणाली, "शेला खोटा बांधलास ते चाललं असतं. ज्याने शिवलं त्याला नाकारलंस, आता माझ्याशी बोलू नकोस." त्या क्षणी मी ठरवलं की प्रेमाचा विषय आयुष्यातून कायमचा संपला. हनारचं नाव मी परत घेणार नाही. तर आता विनंती एवढीच की नवा शेला पाठवून द्यावा, सात मीटर, फुलाफुलांचा. मामीला सलाम, मुलांना पापे.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
हेमिन

ता. क. १: दुसऱ्या दिवशी मी हनारच्या वडिलांच्या दुकानात जाऊन खरं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर चौदा पँटी टाकल्या आणि चेन उसवायला बसवलं. आता रोज जातो. हनार संध्याकाळी चहा आणते. दोन दिवस पेला माझ्यासमोर आपटला, काल नुसता ठेवला. म्हणजे वर जे लिहिलं ते तितकंसं खरं नाही.

ता. क. २: बसा, मामा. मामीला पाणी आणायला सांगा. हनारच्या वडिलांचं नाव मी पत्रभर लिहिलं नाही. ते तुम्हाला कळलंच असेल. होय, तेच. कात्रीही तीच. आईने त्यांना शरदातच ओळखलं होतं आणि तुमच्या भीतीने ती पाच महिने त्या फुटपाथने चालली नाही. मी त्यांना तोंडावर विचारलं की उस्तादांची कात्री का चोरलीत. ते म्हणाले, "नेली म्हणून तीस वर्षं शिव्या तरी देतोय. न सांगता नुसता गेलो असतो तर विसरला असता." मग म्हणाले, "गाढवाचे गुडघे कसे आहेत?"

ता. क. ३: त्यांच्या कपाटात त्यांचा स्वतःचा पोशाख आहे, इस्त्री करून. शेला नाही. हनार म्हणते, बाबा सगळ्या गावाचे शेले तपासतात पण स्वतः कधी बांधत नाहीत. 'टोक धरणारा तिकडे राहिला' म्हणतात. ती धरायला गेली तर म्हणतात, 'तुला ताण जमत नाही.' दर शुक्रवारी उस्तादांच्या दुकानात तुम्ही एकमेकांचं टोक धरत होतात, हे आईने सांगितलं. तुम्ही ते आम्हाला कधी सांगितलं नाहीत, कडीचंच सांगितलंत. तर मामा, वरची मागणी बदलतो. शेला मला नको, त्यांना हवाय. आणि पाठवू नका, घेऊन या. धरायला तुम्हीच लागाल. व्हिसासाठी आमंत्रणाचा कागद सोबत आहे. कारणाच्या रकान्यात आम्ही 'भाच्याचं लग्न' लिहिलंय. (हनारला अजून विचारलेलं नाही. तुम्ही आलात की विचारेन, म्हणजे नाही म्हणाली तर सांत्वनाला घरचं माणूस असेल.)

ता. क. ४: हे उभ्याने लिहितोय, कारण बसता येत नाही. आज मंडळाची सहल आहे. बिर्गिटाबाईंनी तुमचा शेला गरम पाण्यात धुऊन, घडी घालून परत आणून दिला. फुलं सगळी एकमेकांत मिसळून गुलाबी झालीत. तो घेऊन मी पाच मिनिटं दाराकडे बघत उभा होतो. मग बाबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "बाबा, टोक धरता?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "तीन महिन्यांनी तोंड उघडलंस ते याच्यासाठी?"

"हो."

"आण इकडे. दारापेक्षा मी बरा. निदान मधेच उघडत नाही."

आमंत्रणाच्या कागदावर सही त्यांचीच आहे. तपासून घ्या. कॉलेजबद्दल ते अजून एक अक्षर बोललेले नाहीत, पण शेला इतका ताणलाय की त्यातच सगळं आलं. लतीफकाकांचं बोट आत जाणार नाही आणि ते विचारणार, जेवणार कसा. खाली त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजतोय, पुढच्या सीटवर काहीतरी हिरवं दिसतंय. पत्र वाटेतल्या पेटीत टाकतो. शेला सगळा माझ्यासोबत बाहेर आलाय, हे दोनदा बघून घेतलं. दार लावतो.