थोडा चढा सूर

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात इंटरनेट नव्हतं, म्हणून मी हल्ली काय करते ते आधी सांगायला हवं. दिवसा ऑफिस. संध्याकाळी सुकापूरच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत बसून संगीत बनवते. त्यात शब्द नसतात. सगळं सिंथेसायझरवर, आणि तेही मुद्दाम जुन्या धाटणीचं. लहानपणी भाड्याने आणलेली व्हिडिओ कॅसेट सुरू होताना वाजायचं ना, तसं काहीसं: खाली कोरडा टकटक ताल आणि वर जाड, थरथरणारा सूर. मीच बनवते, मीच टोपणनावाने नेटवर टाकते. ऐकणारे थोडे आहेत आणि बहुतेक परदेशातले. त्यांना त्यात मोठ्या शहरांतले रंगीत दिवे आणि रिकामे रस्ते दिसतात, असं ते लिहितात. मला दिसतो तो हळदीचा मांडव, हॅलोजनभोवतीचे किडे आणि कीबोर्डवर वाकलेले तुम्ही. हे मी कुणाला सांगत नाही. त्यांचे रस्ते त्यांना लखलाभ.

आपली भाताची खाचरं खांदा कॉलनीच्या बाजूला होती. नव्या शहरासाठी ती गेली तरी हळदीत वाजवणारी तुमची बेंजो पार्टी राहिली, उलट गावागावांतल्या हळदी मोठ्या होत गेल्या. पार्टीचा राजा म्हणजे बेंजोवाला. तो मांडवात आला की आपल्या कानाने तारा ओढायचा, आणि दर वेळी जरा जास्तच ओढायचा, कारण चढा सूर गर्दीच्या वर ऐकू येतो. त्याला कुणी काही सांगायचं नाही, बाकीच्यांनी आपला सूर त्याच्या सुराला मिळवायचा, हा पार्टीचा नियम. तुमच्या कीबोर्डच्या मागे सूर वर-खाली करायचं एक बारीक चाक होतं. तुम्ही डोळे मिटून ते फिरवत राहायचात आणि दोन्ही सूर एक झाले की मान हलवायचात. घरी आणून तो कीबोर्ड खाटेवर ठेवलात की माझा व्हायचा. "टायपिंग करतंस का काय? बोट ठेव, मारू नको," हे तुमचं एकमेव शिकवणं. तेवढ्यावरच मी शिकले, आणि शिकले ती त्या चढ्या सुरातच.

शाळेच्या गॅदरिंगला मला समूहगीतात घेतलं होतं. बाईंच्या पेटीबरोबर माझा सूर काही केल्या जुळेना. मी म्हटलं, पेटीच खाली आहे. बाई वर्गासमोर म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं. मी रडत घरी येते. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी-सुकट खाताय, आई तव्यावरची भाकरी उलटतेय. सगळं ऐकून घेता आणि ताटावरची मानही वर न करता म्हणता, "त्यांची पेटी उतरलेली हाय."

कितीतरी वर्षं मी हे खरं मानलं. शाळेबद्दलचं माझं मत त्यावरच बेतलेलं होतं. मग कॉलेजात एका मैत्रिणीने सूर मोजायचं यंत्र आणलं, मी त्यासमोर गायले आणि कळलं की पेटी बरोबर असणार, चढलेले आपण होतो. तुम्ही तोवर गेला होतात. बाबांना यातलं कळत नव्हतं, असं मी ठरवून टाकलं. राग आला नाही. शिकायला कुठे गेला होतात तुम्ही? पण तोवर माझे कान घडून गेले होते. जगातलं बाकी संगीत मला अजूनही जरा पेंगुळलेलं वाटतं. माझं सगळं काम त्या चढ्या सुरातच होतं. ऐकणाऱ्यांना ती जुन्या घासलेल्या टेपची नक्कल वाटते आणि ते तिचं कौतुक करतात. मी ते मुकाट्याने घेते.

यंदा पुण्याहून एका मुलाचा फोन आला. तो व्हिडिओ गेम बनवतो. माझी एक रचना त्याला गेमच्या सुरुवातीला हवी होती, आणि खाली माझं खरं नाव येणार होतं. माझ्या संगीताखाली माझं खरं नाव आजवर कधी आलेलं नाही. मला ते फार हवं होतं. तो म्हणाला, "मॅम, सगळं परफेक्ट आहे. फक्त ट्यूनिंग थोडं शार्प आहे आणि आम्हाला त्यावर बासरी घ्यायचीय, ती मॅच होणार नाही. स्टँडर्डला आणून द्याल का? एका क्लिकचं काम आहे." त्याचं काही चुकत नव्हतं. मी हो म्हटलं.

जेवताना आईला सांगितलं. म्हटलं, बाबांनी चढवून ठेवलेला सूर आता उतरवायचाय, त्यांना बिचाऱ्यांना चाक जागेवर आणायचं कळलंच नाही कधी.

"कोन बोलला?" आई म्हणाली. "मांडवातून आला का पयला चाक जागेवर आनायचा तो. मंग तू गायला बसायचीस नि सूर लागत नाय म्हनून रडायचीस. मंग त्यानं सोडूनच दिला. बोलला, राहू दे, पोरीचा गला तितंच बसलाय."

"आणि शाळेतली पेटी?"

"पोरगी रडत आली, तर बाप काय बोलनार? तुझाच चुकला बोलनार?" तिने माझ्या ताटात आमटी वाढली आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

रविवारी मी ते काम केलं. खरंच एका क्लिकचं होतं. लावून ऐकलं. रचना छान वाटत होती, सगळे सूर जगाच्या जागेवर होते आणि बासरी त्यावर सुरेख बसली असती. सोमवारी त्या मुलाला कळवलं की जमणार नाही. तो सभ्य होता, पुन्हा कधीतरी म्हणाला आणि दुसऱ्या कुणाचं तरी संगीत घेतलं. आईला मी सांगितलं की माझी म्हणून एक शैली आहे, ती बदलायची नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. "बरा केलास," ती म्हणाली. तिला तत्त्वाशी काही देणंघेणं नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. वाचून तुम्ही "मंग काय झाला?" एवढंच विचारलं असतंत, आणि उत्तर द्यायला मला अवघड गेलं असतं. तत्त्वबित्त्व काही नव्हतं, बाबा. सरळ केलेलं ते ऐकत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, की तुम्ही गेलात.