ताट बघून मिळकत

९ फेब्रुवारी १९२५, शिमूलडांगा

काम लागलं! कॉलेजातले नलिनाक्षबाबू देशात माणशी वर्षाची मिळकत किती, ते काढताहेत. सरकार म्हणतं, रयत सुखात आहे. बाबूंना ते पटत नाही. म्हणाले, "मिळकत विचारू नकोस, खोटं सांगतील. ताट बघ." त्यावरून हिशेब ते मांडणार. मी फक्त जेवायच्या वेळी घरोघर जायचं. असली नोकरी बापजन्मी मिळाली नसती.

११ फेब्रुवारी

हारान विणकराकडे गेलो. सूत नाही, माग बंद. चौकीदारी कर थकलाय, माग उचलून नेतील ही धास्ती. गावाने करमाफीचा अर्ज केलाय आणि जिल्ह्याच्या साहेबाने त्यासाठी आमचेच आकडे मागवलेत.

हारानदा म्हणाला, "कापड मोजून झालं, आता घास मोजायला आलास होय?"

मावशी, म्हणजे त्याची बायको, त्याच्यावर डाफरली, "दारी आलेल्या पोराला असं बोलतात? बस रे बाबा."

काशाची थाळी, काठावर मोर, मान चेपलेली. भात, डाळ, मोहरीच्या तेलातलं रोहूचं कालवण. त्यांची धाकटी पोर पुंटी खांबाआडून बघत होती. म्हटलं, ये जेवायला. मावशी म्हणाली, "तिचं झालंय."

लिहिलं — भात, डाळ, मासा. आठ दिवसांनी येतो, सांगून निघालो.

१४ फेब्रुवारी

तीन घरं राहिली. नदीवर बगळे बघत बसलो.

१९ फेब्रुवारी

पुन्हा हारानदाकडे. पुन्हा मासा, वर गुळाची खीर! या खेपेला केळीच्या पानावर. मावशी म्हणाली, "पानावर भात गोड लागतो." खरंच लागला. दोनदा मागून घेतला. आई गेल्यापासून असं कुणी आग्रहाने वाढलं नव्हतं.

हारानदा काही खात नव्हता, नुसता बघत होता. म्हणाला, "लिही, लिही. साहेबालाही घेऊन ये एकदा."

लिहिलं.

२ मार्च

अर्ज फेटाळला. साहेबाचा शेरा — इथले विणकरही रोज मासे खातात. सोमवारी माग उचलणार.

नलिनाक्षबाबूंनी विचारलं, "तू हे डोळ्यांनी पाहिलंस?"

पाहिलं. खाल्लंसुद्धा.

४ मार्च

हाटात कासाराच्या दुकानात काशाची थाळी. काठावर मोर, मान चेपलेली. कुणाची म्हणून विचारलं.

"हारानची. गेल्या महिन्यात विकून गेला. म्हणाला, उद्या घरी पाहुणा जेवायला यायचाय."