रघुनाथभाऊंसमोर फुटलेलं हसू

पुसद, मंगळवार, रात्र

आज मी रघुनाथभाऊंसमोर हसलो. शेजारचा हा माणूस, त्याची उभी हयात जिनिंग मिलवर कापूस मोजण्यात गेली. दारात येऊन म्हणाले, "सर, जिनिंग बंद पडली. उद्यापासून कुठं जाऊ, समजून नाही राह्यलं." आणि मला हसू फुटलं. हसलो कसा मी?

वरून जीवशास्त्राचा मास्तर. सावरायला तिथंच शिकवू लागलो. म्हटलं, भाऊ, भीती वाटली की माणूस हसतो. माकडंही घाबरली की दात दाखवतात, तीच सवय आपल्यात उरलीय.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "मंग तुम्ही कायले भेले, सर?"

उत्तर मला ठाऊक होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माणूस हवाय. प्राचार्यांनी नाव मलाच सुचवायला सांगितलंय आणि मी मेव्हण्याचं धरून बसलोय. भाऊ ती जागा मागतील, हीच भीती. चहा घ्या म्हणालो. चहा न घेताच ते गेले.

स्वतःचं हसू माकडावर ढकललं, हे तर त्याहून वाईट.

जेवण जाईना. शेवटी त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं, उद्या तुमचंच नाव देतो म्हणालो. भाऊ खाली बघत म्हणाले, "तेच मागाले आलतो, सर. तुम्ही हसले, मंग जीभच नाही उचलली."