चिंचेपासूनची हद्द

न्युरेम्बर्ग
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय दिनकर,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. तब्येतीचं कारण सांगता आलं असतं, पण ते खोटं होईल. कागद चार वेळा पुढ्यात घेतला आणि चार वेळा ठेवून दिला. एवढ्या उशिराबद्दल राग धरू नकोस.

इथं दिवस सरत नाही. यशपाल आणि सूनबाई सकाळीच कामावर जातात. मी खिडकीशी बसतो. कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा याचीसुद्धा मला धास्ती. चुकलं तर खालच्या बाई यशपालकडे तक्रार करतात. गुडघे दुखतात, ते मी सांगत नाही. सांगितलं की पोरगा विम्याचे कागद काढून बसतो.

नात उत्कर्षा आता बारा वर्षांची. तिला शाळेत मलिक अंबरवर रेफेराट द्यायचं आहे, म्हणजे वर्गापुढं भाषण. तिची मैत्रीण इथिओपियाची. तिकडून गुलाम म्हणून विकलेला माणूस आपल्या नगरच्या निजामशाहीचा कारभार चालवतो, याचं दोघींना भारी अप्रूप. मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. त्यानं शेतसाऱ्याची ठेकेदारी मोडली, जमिनीची प्रत पाहिली, पिकाच्या मानानं सारा बांधला. हद्दीचा वाद निघाला की आमच्या समाजाचा माणूस ती चालून दाखवायचा आणि गाव त्याचा शब्द मानायचं, हेही सांगितलं. ऊर भरून सांगितलं. पोरीनं जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. यशपाल हसत म्हणाला, "बाबा, ती विचारते, आल्झो, म्हणजे मग, तो माणूस खोटं बोलला तर?" मी म्हणालो, जेवायला वाढा.

बासष्ट साली सर्कलसाहेबांपुढं तुझी आणि पाटलांची हद्द मीच चालून दाखवली. कोतवाल वडील होते, पण ते अंथरुणाला खिळलेले. मी बाभळीपासून चाललो. "सुदाम चालला ना, मग विषय संपला," असं म्हणून तू अर्ज मागं घेतलास. वर मला हुरडा खायला बसवलंस.

आता तू लिहितोस, तुझा मुलगा विष्णू त्या हद्दीची फेरमोजणी मागतोय. "पोरगं सुदामकाकाच्या शब्दावर संशय घेतं. तुझ्या हातच्या दोन ओळी पाठव, म्हणजे गप्प बसेल."

दिनकर, विष्णूला गप्प बसवू नकोस. हद्द चिंचेपासून होती. लहानपणी वडलांनी बोट धरून मला तीच दाखवली होती. पाटलांचा माणूस आदल्या दिवशी येऊन म्हणाला, बाभळीपासून चाल, नाहीतर म्हाताऱ्याची कोतवालकी जाईल. मी चाललो. तुझी विहिरीसकट पट्टी गेली, आणि चव्वेचाळीस वर्षं तू मला खरा माणूस म्हणत राहिलास. हे पत्र मोजणीवाल्यांना दाखव. कागद पुरणार नसेल तर मी येतो, चिंचेपासून पुन्हा चालतो. मोजणीची तारीख कळव. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही लिही, पण लवकर लिही. टपालाची पेटी मी रोज दोनदा उघडतो.

तुझाच,
सुदाम