पाचवा पट्टा

३ फेब्रुवारी
पुण्याहून आले एकदाची हैदराबादला! अंबरपेठेत विमलाबाईंकडे खोली मिळाली, नोकरी सिकंदराबादच्या छोट्या कंपनीत. ड्रोनने फोटो काढून जमिनीचे नकाशे करायचे. आईला वाटतं, लेक विमान चालवते.

५ फेब्रुवारी
शहराबाहेरच्या चाळीस एकरांवर पहिलं उड्डाण. आधी करडी पाटी जमिनीवर ठेवून तिचा फोटो घ्यायचा, म्हणजे त्या दिवसाच्या उजेडाचं माप मिळतं. माझ्या आधीच्या मंदारने पाटीसाठी जागा करून ठेवलीय. मी आयत्या बिळावर नागोबा! राखणदार नागोराव मात्र तोंड फिरवून बसलेले. मंदार कुठे गेला विचारलं, तर म्हणाले, परसों इथंच होता की. म्हणजे परवा!

६ फेब्रुवारी
आमचा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा उजेडही टिपतो. त्यात जिवंत पान लख्ख दिसतं, उघडी माती काळी. पण उघड्या मातीतच चार लख्ख पट्टे आलेत, माणूस आडवा मावेल एवढे. जाऊन पाहिलं, तिथे गवताची काडीही नाही. कंपनीचे मालक अभिजीत सर म्हणाले, पट्टे पुसा आणि ‘पडीक’ लिहा, नाहीतर पुण्याची गाडी पकडा. पुसले. लाज वाटली, पण नोकरी हवीय.

७ फेब्रुवारी
विमलाबाई हसल्या. इथे परसों म्हणजे परवाच असं नाही म्हणे, वर्षापूर्वीचंही परसोंच. ऑफिसात शोधलं. मंदारचं शेवटचं उड्डाण गेल्या फेब्रुवारीतलं. त्याच्या मूळ फोटोंत पट्टे तीनच आहेत. नकाशात एकही नाही. त्यानेही ‘पडीक’ लिहिलंय.
उद्या पुन्हा उडवणार. खरं तेच लिहीन.

८ फेब्रुवारी
दुपार. जमिनीवरच बसून लिहितेय. आज पाच पट्टे. पाचवा माझ्या पाटीखालून निघतो—
नागोरावांना ओरडून सांगितलं. ते फाटकातूनच म्हणाले, एकदा पुसलं की ही जमीन सोडत नाही. बाहेरून कुलूप लावलं.
फोटोतला एक ठिपका पाच सेंटिमीटरचा. मोजले. बत्तीस. एकशे साठ सेंटिमीटर. माझ्याच उंचीचा—

तारीख?
पाय निघत नाहीत. बोटांच्या फटींतून हिरवं काहीतरी—

फाटकाशी कुणीतरी आलंय. हातात ड्रोनची पेटी. हाका मारतेय, मान वळत नाही त्याची. पाटी माझ्या छातीवर ठेवतोय—
नागोराव त्याला सांगतायत, ती बाई ना, परसों इथंच होती की.
परसों म्हणजे—